पातळी मोजून भागणार नाही, किनाऱ्यावरच्या विहिरींचं मीठ मोजा

भूजलाचा अहवाल निघतो तेव्हा त्यात तालुक्यांची वर्गवारी असते, सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित, अतिशोषित अशी. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले तालुके त्यात वर्षानुवर्षं 'सुरक्षित' या रकान्यात बसतात आणि मग सगळे निवांत होतात, कारण पैसा आणि लक्ष दोन्ही लाल रकान्यातल्या तालुक्यांकडे जातं, जायलाही हवं. अटल भूजल योजना आली तेव्हा महाराष्ट्रातले १३ जिल्हे घेतले, त्यात कोकणातला एकही नव्हता. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. हिशोब सरळ आहे, वर्षभरात जमिनीत किती पाणी मुरलं आणि त्यातलं किती उपसलं याची टक्केवारी काढायची, ७० टक्क्यांच्या आत असेल तर सुरक्षित. आमच्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, शेतीचं सिंचन थोडं, त्यामुळे टक्केवारी कमीच येणार.

पण त्याच सुरक्षित तालुक्यात समुद्राच्या कडेच्या गावांत एप्रिल-मे मध्ये फिरून बघा. विहिरीत पाणी दिसतं, पण ते मचूळ झालेलं असतं, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, पोफळीची झावळं टोकापासून करपायला लागतात आणि घरात प्यायला जार येतो. विहीर आटलेली नाही. पातळी मोजली तर ठीकठाक निघेल. म्हणजे जी गोष्ट बिघडलीय ती आपण मोजतच नाही, आणि जी मोजतो ती बिघडलेली नाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की किनाऱ्यावर भूजलाचं मोजमाप म्हणजे आधी मिठाचं मोजमाप, तेही गावानं गावासाठी केलेलं, उघड मांडलेलं, आणि आकडा चढला की उपसा कमी करायचा हे आधीच ठरवून ठेवलेलं असलं पाहिजे.

हे का ते समजायला जमिनीखाली काय चाललंय ते थोडं बघावं लागेल. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडंसंच जड असतं, एक लिटर गोडं पाणी एक किलो धरलं तर समुद्राचं साधारण १.०२५ किलो भरतं. एवढ्याशा फरकामुळे किनाऱ्याच्या पुळणीत, म्हणजे वाळूच्या पट्ट्यात, पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं, थर म्हणून. आणि त्याचं गणित बॅडॉन गायबेन नावाच्या डच इंजिनिअरनं १८८० च्या दशकात आणि हर्झबर्ग या जर्मन माणसानं १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं, ते असं की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. अर्धा मीटर वर असेल तर २० मीटर. आता उलट बाजूनं बघा, पंप लावून ती पातळी कायमची फक्त वीतभर खाली आणली, समजा २५ सेंटिमीटर, तर खालून गोड्या पाण्याचा १० मीटरचा थर जातो. एका दिवसात जात नाही, हळूहळू जातो, पण जातो. वरून बघणाऱ्याला वीतभराचा फरक दिसतो, तोही दिसला तर, कारण भरती-ओहोटीनं किनाऱ्याजवळच्या विहिरीत तेवढा फरक रोजच पडतो.

हे गणित स्वच्छ वाळूसाठी आहे. आपल्याकडे पुळणीचा पट्टा अरुंद, त्याच्या मागे कातळ नाहीतर जांभ्याचा सडा, आणि काळ्या कातळात पाणी भेगांतून फिरतं, तिथे असलं सरळ गणित चालत नाही. एखादी बोअर समुद्रापासून शंभर मीटरवर गोडी निघते आणि दुसरी अर्धा किलोमीटर आत असून खारी निघते, कारण तिची भेग खाडीशी जोडलेली असते. म्हणूनच तर मोजायला हवं. आणि खाडीचं म्हणाल तर किनारा म्हणजे फक्त समुद्राची पुळण नव्हे, वाशिष्ठीत भरतीचा जोर चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत जाणवतो, म्हणजे समुद्र जिथे दिसतही नाही अशा गावांच्या विहिरीही या प्रश्नात येतात.

अजून एक गोष्ट, थेट विहिरीच्या खालची. पंप जोरात चालला की विहिरीखालचं खारं पाणी त्या जागी वर उचललं जातं, उलट्या नरसाळ्यासारखं. आजूबाजूला पाच-दहा मीटर गोडं पाणी असतानाही पंपात खारं येतं. माणूस काय करतो, म्हणतो पाणी खराब झालं, विहीर अजून खोल करूया, नाहीतर विहिरीतच बोअर मारूया. आणि तिथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं, कारण खोल जाणं म्हणजे मिठाकडे जाणं. करायला हवं ते नेमकं उलटं, उथळ, रुंद विहीर, छोटा पंप, थोडा थोडा उपसा, मध्ये विश्रांती. आपल्याकडचा रहाट हेच करत होता. अलिबागकडच्या अष्टागरात, वसईत, डहाणूकडे बैल रहाटाला जुंपून वाडी शिंपायचे तेव्हा पाणी इतकं सावकाश निघायचं की विहीर मागून भरत राहायची. जुनं ते सगळं सोनं असं मला म्हणायचं नाही, बैलाच्या मागे उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाचे हाल होतेच, पण त्या वेगाला एक मर्यादा होती आणि ती मर्यादा पंपानं काढून टाकली. तिच्या जागी दुसरी मर्यादा आपण आणलीच नाही.

आणली नाही म्हणण्यापेक्षा कागदावर आणली. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, १९९१ च्या अधिसूचनेत आणि नंतर २०११ च्या अधिसूचनेतही भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यावर बंदी होती, २०११ मध्ये स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापरापुरती सूट दिली, आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात पिण्यासाठी, बागायतीसाठी, शेतीसाठी, मासेमारीसाठी साध्या विहिरीतून हातानं काढलेलं पाणी चालेल असं लिहिलं होतं. हातानं! पुळणीवरच्या कुठल्याही गावात दुपारी उभं राहून कान द्या, किती पंपांचे आवाज येतात ते ऐका. भूजलाच्या २००९ च्या राज्य कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही खोल विहीर मानलीय आणि तिच्यावर बंधनं आहेत. मराठवाड्यासाठी ते बरोबर असेल. पण पुळणीवर जिथे २० मीटरवर खारं पाणी बसलंय तिथे ६० मीटरची मर्यादा कुणाचं रक्षण करते? तिथे १५ मीटरची बोअरसुद्धा जास्त खोल असू शकते. हा नियम डेक्कनच्या पठारावरून विचार करून लिहिलाय, आणि किनारा त्यात एक अपवाद म्हणूनही आलेला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मोजमापाचं बघू. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करतेय, त्यांच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत, वर्षातनं चार वेळा पातळी घेतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. हे काम छोटं नाही, इतक्या वर्षांच्या सलग नोंदी आपल्याकडे आहेत ही मोठी गोष्ट आहे आणि त्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण ही पद्धत दुष्काळासाठी बांधलेली आहे, पाणी किती उरलं हा तिचा प्रश्न. किनाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, पाणी कसलं उरलं. त्यासाठी तालुक्यात विखुरलेल्या विहिरींचा उपयोग थोडा, कारण खारेपणा एका अरुंद पट्टीत घडतो, समुद्रापासून काही शे मीटरमध्ये, आणि त्या पट्टीत एकही निरीक्षण विहीर नसेल तर तालुक्याची सरासरी कितीही सुंदर आली तरी त्या पट्टीतल्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही. शिवाय मार्च ते मे यामधल्या दोन महिन्यांतच सगळं होऊन जातं.

एका वाडीतल्या विहिरीवर हे मी स्वतः करून पाहिलंय म्हणून सांगतो. मे महिना, समुद्रापासून चालत पाच मिनिटांची नारळ-पोफळीची वाडी, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली गोल विहीर. काचेच्या बाटलीला तळाशी दगड बांधला, तोंडात सैल बूच घातलं, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळापर्यंत सोडायची आणि मग बुचाची दोरी ओढायची म्हणजे तळाचंच पाणी आत शिरतं, वरचं मिसळत नाही. पहाटे, पंप रात्रभर बंद असताना, वरचं पाणी चवीला चांगलं गोड आणि तळाचं किंचित मचूळ. पाण्यातले क्षार मोजणारा साधा पेनासारखा मीटर बुडवला तर वरच्या आणि तळाच्या आकड्यात दुपटीहून जास्त फरक. मग पंप लावला, बागेचं शिंपण झालं, तीन तासांनी पुन्हा तेच. आता वरचंही मचूळ लागत होतं आणि वर-खाली आकडा जवळपास सारखाच दाखवत होता. म्हणजे सकाळपर्यंत जो थर वेगळा राहिला होता तो पंपानं ढवळून टाकला. वाडीच्या मालकांनी मीटरकडे बघितलं आणि म्हणाले, अहो मग मी दोन वेळा दीड-दीड तास चालवला तर? त्यांना कुणी भूजलशास्त्र शिकवलं नव्हतं. आकडा समोर आला आणि उपाय त्यांनीच काढला.

मोजणं म्हणजे सरकारी रजिस्टरमध्ये रकाना भरणं एवढंच आपल्या डोक्यात बसलंय, पण जो माणूस पंपाचं बटण दाबतो त्याच्या हातात आकडा असेल तरच त्या आकड्याचा उपयोग. तो आकडा सहा महिन्यांनी पुण्याहून पीडीएफमध्ये आला तर त्या वर्षीची पोफळ गेलेली असते. नारळ तरी मीठ बरंच सोसतो, पोफळ, केळी, पानवेल नाही सोसत. अलिबागचा पांढरा कांदाही नाही.

आणि किती थोड्या मिठानं काम बिघडतं ते बघा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड, म्हणजे मिठातला एक मुख्य घटक, असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २५० ही चांगली मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यायची. म्हणजे विहिरीत समुद्राचं पाणी फक्त दोन टक्के मिसळलं की क्लोराइड ३८० च्या पुढे जातं, पाच टक्क्यांत ते हजाराला टेकतं. शंभर बादल्यांत पाच बादल्या. तिथून ती विहीर पिण्यासाठी संपली. परत गोडी व्हायला एक पावसाळा पुरेल की दहा लागतील हे जमिनीवर आणि त्यानंतर आपण किती आवरतो यावर आहे.

यावर नेहमी एक उत्तर ऐकू येतं, आणि ते चांगली, विचार करणारी माणसंही देतात, की अहो कोकणातलं पाणी तसंही समुद्राला वाया जातं, मग किनाऱ्यावर उपसलं तर बिघडलं काय. हे वाक्य आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की त्यावर थांबून बोलायला हवं. नदीतून पावसाळ्यात पूर वाहून जातो त्याबद्दल वाद होऊ शकतो, पण जमिनीखालून समुद्राकडे हळूहळू झिरपणारं गोडं पाणी हे वाया जाणारं पाणी नाहीच. तेच समुद्राला बाहेर रेटून धरतं. तो प्रवाह चालू आहे तोवर खारं पाणी बाहेर, तो थांबला की आत. म्हणजे किनाऱ्याच्या हिशोबात 'मुरलेल्या पाण्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा सुरक्षित' हे गृहीतच चुकतं, कारण उरलेलं पाणी पडून राहिलेली शिल्लक नाही, ते कामावर आहे. पुळणीच्या पट्टीत सुरक्षित टक्का कितीतरी कमी असणार, आणि तो किती ते टेबलावर बसून ठरत नाही, मीठ मोजूनच ठरतं.

दुसरं उत्तर हवामान बदलाचं. समुद्र वर येतोय, आता आपण काय करणार. समुद्र वर येतोय हे खरंच आहे, जगाची सरासरी वर्षाला तीन-चार मिलिमीटर. वीस वर्षांत सहा ते आठ सेंटिमीटर. गंभीर आहे, खाडीकाठच्या सखल खाजण जमिनींसाठी आणि उधाणात फुटणाऱ्या बांधांसाठी तर फारच. पण विहिरीपुरतं बोलायचं तर एक मोठा पंप एका दुपारीत पाणी मीटरभर खाली नेतो. जे आपल्या हातात आहे ते सोडून जे हातात नाही त्याच्यावर बोट दाखवणं मला पटत नाही.

हे सगळं आपल्याआधी दुसऱ्यांनी भोगलंय. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूरच्या भागात साठ-सत्तरच्या दशकापासून शहरासाठी आणि कारखान्यांसाठी विहिरींतून पाणी खेचलं, शेतीचा उपसा वेगळाच, आणि खारं पाणी किनाऱ्यापासून दहा किलोमीटरपेक्षा जास्त आत शिरलं. १९८७ मध्ये तिथे भूजलावर नियंत्रणाचा कायदा आला, तोवर मीठ आत येऊन बसलं होतं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, उना ते माधवपूर या पट्ट्यात, चुनखडीचा सच्छिद्र खडक, इंजिनं आली, उपसा वाढला, विहिरी खाऱ्या होत गेल्या. गुजरात सरकारनं सत्तरच्या दशकात दोन उच्चस्तरीय समित्या नेमल्या आणि मग नदीमुखांवर भरती अडवणारे दरवाजे, बंधारे, पाणी पसरवणारे कालवे अशी कामं काढली जी दशकानुदशकं चालली. उलट ॲमस्टरडॅमचं उदाहरण घ्या, त्यांनी १८५३ पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतून शहराला पाणी आणलं, विसाव्या शतकात खोल विहिरी घेतल्या, खालून खारं पाणी वर यायला लागलं, आणि ते वर येतंय हे त्यांना वेळेत कळत होतं कारण ते मोजत होते. १९५७ पासून त्यांनी ऱ्हाईन नदीचं पाणी आणून त्याच वाळूत मुरवायला सुरुवात केली. आपल्याकडे ऱ्हाईनचं पाणी आणायला तेवढा पैसा नाही, पण पाऊस आहे, त्यांच्यापेक्षा तिप्पट-चौपट.

मुरवण्याबद्दल वसईचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे वाड्यांमधून बावखलं होती, अजून काही आहेत, पावसाचं पाणी साठवणारी छोटी तळी, तिथूनच बागेला पाणी द्यायचं आणि तिथूनच ते जमिनीत मुरायचं, त्यामुळे समुद्राच्या इतक्या जवळ असूनही केळी आणि पानवेली पिकल्या. ती बावखलं भराव टाकून बुजवली जातायत, वर इमारत उभी राहते आणि त्या इमारतीला टँकर येतो. एक बावखल बुजलं की आजूबाजूच्या किती विहिरींचा खारेपणा वाढतो हे कुणी मोजलेलं असतं तर बुजवणाऱ्याला अडवताना गावाच्या हातात काहीतरी असतं. आता फक्त भावना असतात, आणि भावनांना 'विकास नको का तुम्हाला' एवढं एक वाक्य पुरतं.

मग मोजायचं कुणी आणि कसं? मला वाटतं निम्मी तयारी आधीच झालेली आहे. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं आहे, तपासणी किट गावात येतं, त्या किटमध्ये क्लोराइडची तपासणी असते. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहेत. पण सगळा भर 'हे पाणी प्यायला चालेल का' या हो-नाहीवर आहे, एका ठरावीक नळाचं किंवा सार्वजनिक विहिरीचं. किनाऱ्यावरच्या गावात त्याच बायकांना, त्याच जलसुरक्षकांना एक काम वाढवून द्या, आणि त्याचं मानधनही द्या, फुकटात नको, की समुद्राकडून आत जाणाऱ्या एका रेषेवरच्या तीन विहिरी निवडायच्या, एक पुळणीजवळची, एक वाड्यांमधली, एक रस्त्यापलीकडची, आणि तिन्हींचं वरचं आणि तळाचं पाणी मोजायचं. ऑक्टोबरात एकदा, जानेवारीत एकदा, आणि मार्चपासून पाऊस येईपर्यंत दर पंधरवड्यात दोनदा, एकदा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि एकदा अष्टमीच्या भांगाला (भरती सगळ्यात कमी असते तेव्हा), म्हणजे भरतीचा परिणाम किती आणि उपशाचा किती हे वेगळं काढता येतं. पेनासारखा मीटर काही शे रुपयांना मिळतो. तो अधूनमधून चुकतो म्हणून त्याच्यासोबत ज्यात आकडा १४१३ च यायला हवा असं तपासणी द्रावण ठेवायचं, दर वेळी आधी त्यात बुडवून बघायचं, तेवढी शिस्त पाळली तर तो आकडा विश्वासाचा असतो. वाडीवाल्यांना उधाण-भांग कॅलेंडर बघून सांगावं लागत नाही, आमच्या कोळीवाड्यात तर नाहीच नाही.

भूजल यंत्रणेचं काम यात संपत नाही, उलट वाढतं. गावाच्या नोंदी वर्षातनं दोनदा स्वतः येऊन पडताळायच्या. दर किनारी तालुक्यात निदान दोन-तीन ठिकाणी खोल निरीक्षण विहिरी घ्यायच्या ज्यांतून कुणी पाणी काढत नाही, आणि त्यात नुसती पातळी नोंदवणारं यंत्र बसवायचं नाही, क्षारता आणि तापमानही नोंदवणारं बसवायचं. राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पात आपोआप पातळी पाठवणारी यंत्रं देशभर लागली, किनाऱ्यावर तेवढ्यावर थांबू नये. आणि एक जरूर बघायचं की सगळं मीठ समुद्रातून येत नाही. दाट वस्तीत शोषखड्ड्यांचं पाणी विहिरीत झिरपतं त्यानंही क्लोराइड वाढतं, मग सोबत नायट्रेटही वाढलेलं दिसतं. जुन्या खाजणांत मातीतच मीठ साठलेलं असतं. कारण वेगळं तर उपाय वेगळा, शोषखड्ड्याचा दोष पंपावर टाकून उपयोग नाही आणि पंपाचा समुद्रावर. हा फरक करणं तज्ज्ञाचं काम आहे, ते गावावर ढकलू नये.

आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचे म्हटलं की खरी अडचण सुरू होते. विहीर खारी झाली हे कुणी बोलत नाही. प्लॉट विकायचा असतो, होमस्टेचं बुकिंग असतं, मुलीकडचे बघायला येणार असतात. मी या भीतीला हसणार नाही, गुंठ्याचे भाव बघता ती खरी भीती आहे. म्हणून माझं म्हणणं की खासगी विहिरीचा आकडा मालकाचा, पण त्या तीन विहिरींच्या रेषेचा आकडा गावाचा, आणि त्या तीन विहिरी शक्यतो सार्वजनिक, देवळाची, शाळेची, ग्रामपंचायतीची अशा निवडायच्या. लपवून भाव टिकतो तो दोन-चार वर्षं. नंतर सगळ्या आळीत टँकर यायला लागला की काय लपणार.

होमस्टे आणि बंगल्यांबद्दल बोलायचं तर मला त्यांच्याशी भांडायचं नाही. नागाव, काशीद, दिवेआगर, गुहागर, तारकर्ली, पलीकडे गोव्यात कळंगुट-कांदोळी, इथल्या कितीतरी घरांत पर्यटनामुळे चूल पेटते, पोरं मुंबईला न जाता घरी राहिली. पण गर्दीचा महिना आणि विहिरीचा सगळ्यात नाजूक महिना एकच आहे, मे. देवबागसारख्या ठिकाणी एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीचं मुख, मध्ये वाळूची चिंचोळी जीभ, गोडं पाणी म्हणाल तर त्या वाळूत साठलेला पाऊस एवढंच. तिथे स्विमिंग पूल भरायला पंप चालला तर पहिलं नुकसान शेजारच्या होमस्टेचंच होतं. पाणी खारं झालं की व्यवसाय त्यांचाच बसतो, म्हणून मोजणीत त्यांना आधी घ्यायला हवं, त्यांच्या पंपाला पाण्याचा मीटर लावायला हवा आणि किती पाणी काढलं हा आकडा मिठाच्या आकड्याशेजारी लिहायला हवा. दोन्ही शेजारी असल्याशिवाय काही सिद्ध होत नाही.

नुसतं मोजून काय होणार, हा प्रश्न रास्त आहे. मोजणीला नियम जोडलेला नसेल तर काही होणार नाही. आणि तो नियम भांडण पेटल्यावर मे महिन्यात ठरवायचा नसतो, हिवाळ्यातल्या ग्रामसभेत ठरवायचा, जेव्हा सगळ्यांच्या विहिरी गोड्या असतात आणि डोकी शांत असतात. मधल्या विहिरीच्या तळाचा आकडा ऑक्टोबरच्या दीडपट झाला की पूल आणि लॉनचं पाणी बंद. दुप्पट झाला की पट्टीतल्या विहिरींवरून टँकर भरणं बंद आणि बागांना आळीपाळीनं, ठरलेल्या तासांत पाणी. त्याच्याही वर गेला तर पुळणीजवळच्या मोठ्या पंपांना पावसापर्यंत सुट्टी, फक्त पिण्यापुरतं. दीडपट की पावणेदोनपट हे प्रत्येक गावाचं वेगळं असेल, पहिली दोन-तीन वर्षं अंदाजानंच जाईल, नोंदी साठतील तसं सुधारेल. राज्याच्या कायद्यात विहिरींची नोंदणी आहे, पिण्याच्या सार्वजनिक स्रोताला संरक्षण आहे, क्षेत्र अधिसूचित करायची सोय आहे, म्हणजे गावाच्या ठरावाला मागून आधार देता येईल अशी जागा कायद्यात आहे. जिल्हा प्रशासनानं ती वापरायची.

गावं हे करणार नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांना मी पेण-अलिबागकडच्या खारेपाटाची आठवण देईन. तिथे समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या एकत्र बांध राखले, जोळ पद्धत म्हणतात तिला, प्रत्येकाच्या वाट्याला बांधाचं काम, उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर, लक्ष, उधाणाच्या रात्री बांधावर जाणं. बाहेरकाठा, म्हणजे समुद्राकडचा बांध, एका जागी फुटला तर सगळ्यांची भातं जातात हे डोळ्यांना दिसत होतं म्हणून ते चाललं. नंतर बांध सरकारी खात्याकडे गेले, कांदळवन वाढलं, दुरुस्त्या रखडल्या आणि कितीतरी शेती खाऱ्यात गेली, तो वेगळा आणि फार दुःखाचा विषय आहे. पण मीठ हा सगळ्यांचा सामायिक प्रश्न आहे आणि तो सामायिकपणेच आवरावा लागतो ही गोष्ट या किनाऱ्याला नवीन नाही. जमिनीखालचा बांध फुटतो तेव्हा आवाज येत नाही आणि दिसत नाही, एवढाच फरक. मीटरचा आकडा तो दाखवतो.

सुरुवात कधी करायची तर पाऊस संपता संपता, ऑक्टोबरात, विहिरी काठोकाठ गोड असताना. त्या पहिल्या नोंदीशिवाय मे महिन्याचा आकडा कशाशीच ताडून बघता येत नाही, त्यामुळे ही एक नोंद चुकली तर अख्खं वर्ष चुकतं. तीन विहिरी, एक बाटली, एक मीटर, एक वही, आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय, यासाठी कुठल्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही. तालुक्याची वर्गवारी बदलायला, निरीक्षण विहिरींचं जाळं किनाऱ्याच्या पट्टीत आणायला, ६० मीटरचा नियम किनाऱ्यासाठी वेगळा लिहायला मात्र सरकारलाच हलावं लागेल, आणि त्यासाठी आमदार-खासदारांसमोर मांडायला गावाजवळ दोन-तीन वर्षांच्या स्वतःच्या नोंदी असतील तर ते म्हणणं कुणाला सहज झटकता येणार नाही.